बहुपदींचा भागाकार व त्यांचे अवयव

बीजगणिताच्या पुस्तकांत बहुपदींच्या भागाकाराचें प्रकरण आलें कीं पुष्कळ विद्यार्थी तें एकदांचें उरकून टाकतात, आणि पुढें अवयवांचें प्रकरण आलें कीं सूत्रें पाठ करूं लागतात. दोन्ही प्रकरणें निरनिराळीं छापलेलीं असतात, म्हणून त्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध असेल हें त्यांच्या ध्यानांतच येत नाहीं. वास्तविक हीं एकाच कामाचीं दोन अंगें होत. अवयव शोधून काढावयाचा असतो, आणि तो खरा कीं खोटा हें भागाकार सांगतो. शिवाय, एक अवयव सांपडल्यावर अजून किती काम शिल्लक राहिलें आहे हेंही भागाकारावरूनच कळतें.

एखादें उत्तर सांपडणें ही एक गोष्ट, आणि त्याहून दुसरें उत्तर नाहीं अशी खात्री होणें ही दुसरी गोष्ट. या दोहोंतील अंतर ज्यास कळलें त्यास बीजगणिताचें मर्म कळलें असें म्हणण्यास हरकत नाहीं. तें अंतर दाखवावें एवढाच या लेखाचा हेतु आहे. वाचतांना कागद व पेन्सिल जवळ घेऊन बसावें. गणित हें नुसत्या डोळ्यांनीं वाचावयाचें शास्त्र नव्हे.

१. संख्या आणि बहुपदी

१५६ ही संख्या घ्या. तींत एक शतक, पांच दशक व सहा एकक आहेत. म्हणजेच ती १ × १०² + ५ × १० + ६ अशी आहे. आतां १० च्या जागीं क्ष लिहा. क्ष² + ५क्ष + ६ अशी राशि तयार होईल. हीच बहुपदी. क्ष च्या निरनिराळ्या घातांस संख्यांनीं गुणून त्यांची बेरीज मांडली म्हणजे बहुपदी होते. प्रत्येक घातास जी संख्या गुणते तिला त्या पदाचा सहगुणक म्हणतात, आणि बहुपदींतील सर्वांत मोठ्या घातास तिची कोटि म्हणतात.

१५६ ला १२ नें भागलें तर १३ येतात हें चौथ्या इयत्तेंतील मूलही सांगेल. १२ म्हणजे १० + २, आणि १३ म्हणजे १० + ३. येथेंही १० च्या जागीं क्ष लिहिला तर क्ष² + ५क्ष + ६ या राशीस क्ष + २ नें भागलें असतां क्ष + ३ येतात, हें आपोआप दिसून येतें. गुणाकार करून पाहावा म्हणजे खात्री होईल.

तेव्हां बहुपदींचा भागाकार ही कांहीं नवी विद्या नव्हे. फरक आहे तो एवढाच कीं, संख्यांत दहा एकक झाले म्हणजे एक दशक होतो व हातचा घ्यावा लागतो. बहुपदींत क्ष ची किंमत ठाऊक नसल्यामुळें हातचा घेण्याचा प्रश्नच येत नाहीं. ऋण सहगुणक ऋणच राहतो, मोठा सहगुणक मोठाच राहतो. या दृष्टीनें बीजगणितांतील भागाकार अंकगणितांतल्यापेक्षां सोपाच आहे. ९१३ ला १७ नें भागतांना "किती वेळां जाईल" याचा अंदाज करावा लागतो, आणि अंदाज चुकला तर खोडावें लागतें. बहुपदींत पहिल्या पदास पहिल्या पदानें भागावयाचें असतें. तेथें अंदाजाला जागाच नाहीं.

२. भागाकाराची रीत

रीत सांगण्यापूर्वीं तीन नियम ध्यानांत ठेवावे. पहिला, भाज्य व भाजक या दोहोंचीं पदें घातांच्या उतरत्या क्रमानें मांडावीं. दुसरा, मधला एखादा घात नसेल तर त्याच्या जागीं शून्य सहगुणक लिहावा. १०५ लिहितांना दशकाच्या जागीं आपण शून्य घालतों. तें गाळलें तर १०५ चे १५ होतात. बहुपदींतही तसाच घोटाळा होतो. तिसरा नियम असा कीं, वजाबाकी करतांना खालच्या ओळींतील प्रत्येक पदाचें चिन्ह बदलावें, केवळ पहिल्या पदाचें बदलून थांबूं नये.

आतां क्ष³ − ७क्ष + ६ या राशीस क्ष − २ नें भागूं. भाज्यांत क्ष² चें पद नाहीं, म्हणून तेथें शून्य मांडलें आहे.

क्ष³ + ०क्ष² − ७क्ष + ६
क्ष³ − २क्ष²
———————
२क्ष² − ७क्ष
२क्ष² − ४क्ष
———————
− ३क्ष + ६
− ३क्ष + ६
———————
०

प्रथम क्ष³ ला क्ष नें भागलें, क्ष² आले. क्ष² नें सबंध भाजकास गुणून गुणाकार भाज्याखालीं लिहिला व वजा केला; २क्ष² उरले, आणि पुढचें पद − ७क्ष खालीं घेतलें. मग २क्ष² ला क्ष नें भागून २क्ष आले. तीच कृति पुन्हां केली. शेवटीं − ३क्ष ला क्ष नें भागून − ३ आले. यावरून भागाकार क्ष² + २क्ष − ३ आणि बाकी शून्य.

विद्यार्थ्यांच्या वह्यांत चुका होतात त्या बहुतेक पहिल्याच वजाबाकीच्या ठिकाणीं. शून्यांतून − २ वजा केले तर + २ येतात. पुष्कळजण तेथें − २ लिहून पुढें जातात, आणि मग सगळें गणितच वांकडें होतें. ब्रह्मगुप्तांनीं सन ६२८ मध्यें लिहिलेल्या ब्रह्मस्फुटसिद्धांत या ग्रंथांत धन, ऋण व शून्य यांचे नियम स्पष्ट सांगितले आहेत. त्यांनीं योजलेले शब्दच पाहा: धन म्हणजे जवळचें द्रव्य, ऋण म्हणजे कर्ज. डोक्यावरचें दोन रुपयांचें कर्ज कोणी काढून घेतलें तर आपण दोन रुपयांनीं वर आलों. ऋण वजा करणें म्हणजे धन मिळविणें, तें असें.

ही रीत फार जुनी आहे. बाराव्या शतकांत बगदाद येथील अस्-समौअल या गणितज्ञानें सहगुणकांचें कोष्टक मांडून एका बहुपदीस दुसरीनें भागण्याची पद्धति आपल्या ग्रंथांत दिली. त्या वेळीं त्याचें वय अवघें १९ वर्षांचें होतें. आज जे विद्यार्थी महाविद्यालयाच्या पहिल्या पायरीवर उभे असतात त्यांच्याच वयाचा तो होता.

३. बाकी काय सांगते

अंकगणितांत १७ ला ५ नें भागलें तर भागाकार ३ व बाकी २ येते; म्हणजे १७ = ५ × ३ + २. प्रत्येक भागाकाराचें हेंच रूप असतें:

भाज्य = भाजक × भागाकार + बाकी

बहुपदींत या समतेला एक विशेष बळ आहे. ती क्ष च्या कोणत्याही किंमतीस खरी असते. मग अशी किंमत कां न घालावी कीं जिच्या योगानें भाजकच शून्य होईल? भाजक क्ष − २ असेल तर क्ष च्या जागीं २ घाला. भाजक शून्य झाला. भागाकार कसाही असो, शून्यानें गुणतांच तो नाहींसा झाला. उजव्या बाजूस उरली केवळ बाकी. म्हणून भाज्यांत क्ष च्या जागीं २ घातल्यास जी किंमत येते तीच बाकी. भागाकार न करतांच बाकी कळली!

वरच्या उदाहरणांत ताळा पाहा: २³ − ७ × २ + ६ = ८ − १४ + ६ = ०. भाजक क्ष − ३ घेतला असता तर बाकी २७ − २१ + ६ = १२ आली असती. भाजक क्ष + ३ असेल तर तो शून्य करण्यास − ३ घालावे लागतात, हें विसरूं नये: − २७ + २१ + ६ = ०. म्हणजे क्ष + ३ हाही अवयव आहे.

यावरून अवयवाचा नियम निघतो. बहुपदींत क्ष च्या जागीं एखादी संख्या घातली असतां शून्य आलें, तर क्ष वजा ती संख्या हा त्या बहुपदीचा अवयव होय. शून्य आलें नाहीं तर तो अवयव नव्हे. फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त यानें सन १६३७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या भूमितीवरील ग्रंथांत समीकरणाचें मूळ व असा भाजक यांचा हा संबंध सांगितला आहे. या नियमांत मध्यम मार्ग नाहीं. बाकी शून्य आहे किंवा नाहीं, आणि तें ज्याचें त्यास पाहतां येतें.

४. भास्कराचार्यांचें एक उदाहरण

आतां एक खरें जुनें उदाहरण घेऊं. भास्कराचार्यांचा जन्म सन १११४ चा. त्यांनीं सन ११५० मध्यें सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ पुरा केला. लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग मानले जातात. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें सन १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून तेथें मठ स्थापिल्याचें त्यांत नमूद आहे. म्हणजे हें बीजगणित आपल्याच मुलखांत आठशें वर्षांपूर्वीं विद्यार्थ्यांस शिकविलें जात होतें.

बीजगणितांत त्यांनीं असा प्रश्न घातला आहे: अशी कोणती संख्या आहे कीं, तिची बारापट व तिचा घन यांची बेरीज ही तिच्या वर्गाची सहापट अधिक ३५ यांच्याबरोबर होते? आपल्या चिन्हांत मांडलें तर

क्ष³ + १२क्ष = ६क्ष² + ३५

भास्कराचार्य अव्यक्त संख्येस यावत्तावत् म्हणत व थोडक्यांत "या" असें लिहीत. दोन्ही बाजू एकीखालीं एक मांडतांना जें पद नसेल त्याच्या जागीं शून्य लिहिण्याची त्यांचीही रीत होती. दुसऱ्या कलमांत सांगितलेला नियम किती जुना आहे तो पाहा.

सर्व पदें एका बाजूस घेतलीं कीं क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५ = ० असें समीकरण होतें. आतां डाव्या बाजूचा अवयव हुडकावयाचा. पण क्ष च्या जागीं कोणकोणत्या संख्या घालून पाहाव्या? संख्या तर अनंत आहेत. येथें थोडा विचार केला तर पुष्कळ श्रम वांचतात. समीकरण असें लिहा:

क्ष × (क्ष² − ६क्ष + १२) = ३५

क्ष ही पूर्ण संख्या असेल तर कंसांतील राशिही पूर्ण संख्याच होईल, आणि दोहोंचा गुणाकार ३५ आहे. म्हणून क्ष नें ३५ ला निःशेष भाग गेलाच पाहिजे. ३५ चे विभाजक १, ५, ७, ३५ एवढेच, धन किंवा ऋण. शिवाय क्ष ऋण असेल तर क्ष³, − ६क्ष², १२क्ष आणि − ३५ हीं चारही पदें ऋण होतील व त्यांची बेरीज शून्य होणें शक्य नाहीं. तेव्हां ऋण संख्या सोडून द्या. अनंत संख्यांपैकीं आतां चार राहिल्या.

१ घालून पाहिलें: १ − ६ + १२ − ३५ = − २८. जमलें नाहीं. ५ घालून पाहिलें: १२५ − १५० + ६० − ३५ = ०. जमलें. म्हणून क्ष − ५ हा अवयव आहे.

५. संक्षिप्त भागाकार

भाजक क्ष − ५ अशा साध्या रूपाचा असला म्हणजे लांब मांडणी करण्याचें कारण नाहीं. केवळ सहगुणक ओळीनें लिहावे: १, − ६, १२, − ३५. पहिला सहगुणक १ जसाच्या तसा खालीं उतरवावा. त्यास ५ नें गुणून गुणाकार पुढच्या सहगुणकांत मिळवावा: − ६ + ५ = − १. त्यास पुन्हां ५ नें गुणून पुढच्यांत मिळवावा: १२ − ५ = ७. पुन्हां तसेंच: − ३५ + ३५ = ०. खालच्या ओळींत १, − १, ७, ० आले. शेवटचा अंक ही बाकी. त्यापूर्वींचे अंक हे भागाकाराचे सहगुणक. म्हणून

क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ३५ = (क्ष − ५)(क्ष² − क्ष + ७)

इटलींतील रुफिनी यानें सन १८०४ मध्यें व इंग्लंडांतील हॉर्नर यानें सन १८१९ मध्यें समीकरणें सोडविण्यासाठीं अशी मांडणी प्रसिद्ध केली. चीनमध्यें छिन ज्यूशाओ या गणितज्ञानें सन १२४७ च्या आपल्या ग्रंथांत तीच कृति वापरली होती. चांगली रीत एकाच देशांत एकदांच सुचते असें नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. पुष्कळ विद्यार्थी ५ हें उत्तर मिळतांच खालीं दोन रेघा ओढून पुढच्या उदाहरणाकडे वळतील. पण दुसरें उत्तर असेल तर? १ घातला, ५ घातला. पण अपूर्णांक किंवा करणी घालून कोण पाहणार? येथें भागाकार कामास येतो. दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल तर त्यांपैकीं एक तरी शून्य असलीच पाहिजे. म्हणून एक तर क्ष − ५ = ०, नाहीं तर क्ष² − क्ष + ७ = ०. हा दुसरा अवयव असा लिहितां येतो:

(क्ष − १/२)² + २७/४

कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण नसतो. त्यांत २७/४ मिळविल्यावर बेरीज शून्य कशी होईल? वरच्या वर्गांत काल्पनिक संख्या शिकवितात, त्या सोडल्या तर दुसरें उत्तर नाहींच. एकही नवी संख्या घालून न पाहतां सगळ्या संख्यांचा निकाल लागला.

स्वतः भास्कराचार्यांनीं निराळ्या युक्तीनें हें समीकरण सोडविलें. त्यांनीं दोन्ही बाजूंतून ६क्ष² व ८ वजा केले. तेव्हां डावीकडे क्ष³ − ६क्ष² + १२क्ष − ८ राहिले. हा क्ष − २ याचा बरोबर घन आहे. आणि उजवीकडे २७ राहिले, हा ३ चा घन. म्हणून क्ष − २ = ३, व क्ष = ५. युक्ति मोठी सुंदर आहे. परंतु ती प्रत्येक ठिकाणीं सुचेलच असें नाहीं. भागाकार मात्र नेहमीं हाताशीं असतो.

६. उत्तर सांपडलें, पण संपलें काय?

त्याच ग्रंथांत याहून कठीण असा दुसरा प्रश्न आहे. चिन्हांत तो असा:

क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९

भास्कराचार्यांनीं याचें उत्तर ११ दिलें आहे. घालून पाहा: १४६४१ − २४२ − ४४०० = ९९९९. उत्तर बरोबर आहे. परंतु तें एकटेंच आहे काय?

सहगुणक मांडा, क्ष³ चें पद नाहीं, तेथें शून्य: १, ०, − २, − ४००, − ९९९९. ११ नें संक्षिप्त भागाकार केला तर खालीं १, ११, ११९, ९०९, ० येतात. म्हणजे भागाकार क्ष³ + ११क्ष² + ११९क्ष + ९०९. या राशींत सर्व सहगुणक धन आहेत, म्हणून धन किंमतीनें ती शून्य होणार नाहीं; ऋणच पाहिजे. ९०९ चे विभाजक घेऊन पाहूं. − १ घातले तर ८०० येतात, − ३ घातले तर ६२४ येतात, आणि − ९ घातले तर − ७२९ + ८९१ − १०७१ + ९०९ = ०. सांपडलें! क्ष + ९ हा दुसरा अवयव. पुन्हां भागिलें असतां क्ष² + २क्ष + १०१ येतात. ही राशि म्हणजे (क्ष + १)² + १००. ती कधींच शून्य होत नाहीं. म्हणून

क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष − ९९९९ = (क्ष − ११)(क्ष + ९)(क्ष² + २क्ष + १०१)

आणि उत्तरें दोन: ११ व − ९. पहिल्या उदाहरणांत भागाकारानें "आतां कांहीं उरलें नाहीं" असें सांगितलें. येथें त्यानेंच "अजून एक आहे" असें सांगितलें. एक उत्तर हातीं आल्यावर जो भागाकार करीत नाहीं त्यास या दोन उदाहरणांतील फरक कधींच कळणार नाहीं.

याच जातीची एक चूक वर्गांत नेहमीं पाहावयास मिळते. क्ष² = ५क्ष हें समीकरण दिलें कीं पुष्कळ मुलें दोन्ही बाजूंस क्ष नें भागून क्ष = ५ असें लिहितात. वास्तविक क्ष² − ५क्ष = क्ष(क्ष − ५), म्हणून उत्तरें ० व ५ अशीं दोन आहेत. क्ष नें भागतांना क्ष शून्य नाहीं असें न बोलतां गृहीत धरलें गेलें, आणि शून्यानें भागणें तर गणितांत वर्ज्य आहे. ज्या अवयवास आपण दोन्ही बाजूंतून काढून टाकतों त्याच्याबरोबर त्याचें उत्तरही निघून जातें. तेव्हां अवयव खोडूं नयेत. ते पाडून सर्वांचा विचार करावा.

७. आजचा एक उपयोग

हें सगळें परीक्षेपुरतेंच आहे अशी कोणाची समजूत असेल, तर दुकानांत पैसे देतांना मोबाईलनें टिपतात ती काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची चौकट पाहावी. क्यूआर कोड नांवाची ही खूण सन १९९४ मध्यें जपानांत निघाली. तिच्यामागील गणित रीड व सॉलोमन या दोघांनीं सन १९६० मध्यें प्रसिद्ध केलें. चौकटींतील मजकुराचे आंकडे एका बहुपदीचे सहगुणक मानतात, त्या बहुपदीस एका ठरलेल्या बहुपदीनें भागतात, आणि जी बाकी उरते तिच्यावरून तपासणीचे आंकडे ठरवून तेही त्याच चौकटींत छापतात. वाचणाऱ्या यंत्रानें सर्व आंकडे मिळून पुन्हां तपासले व भाग निःशेष गेला म्हणजे मजकूर शाबूत आहे असें ठरतें. ठिपके पुसले गेले असले तर भाग निःशेष जात नाहीं, आणि नुकसान थोडें असेल तर चूक कोठें आहे हेंही शोधून दुरुस्त करतां येतें. तेथील बेरीज-गुणाकार आपल्या नेहमींच्या संख्यांचे नसतात, त्यांचे नियम निराळे. परंतु भागाकाराची रीत हीच.

८. पालकांसाठीं दोन शब्द

"आम्हांस बीजगणित येत नाहीं, मुलाचा अभ्यास कसा पाहावा?" असें पुष्कळ पालक म्हणतात. त्यांस एक सोपा उपाय सांगतों. जमाखर्चाचा ताळा घेण्याची संवय घरोघर असते. तीच येथें उपयोगीं पडते. मुलानें केलेल्या भागाकारांत सर्वत्र क्ष च्या जागीं १० घालावयास सांगावें. आपल्या पहिल्या उदाहरणांत भाज्य १००० − ७० + ६ = ९३६, भाजक ८, आणि भागाकार १०० + २० − ३ = ११७ होतो. ११७ ला ८ नें गुणावें, ९३६ आले. ताळा जमला. न जमल्यास कोठें तरी चूक आहे हें निश्चित समजावें. ताळा जमला म्हणजे गणित बरोबर आहेच असा पुरा दाखला मिळत नाहीं. त्यासाठीं भाजक व भागाकार यांचा गुणाकार मुलानेंच करून पाहिला पाहिजे. परंतु चिन्हाची चूक बहुधा या एका चाळणींत सांपडते.

याचा लाभ गुणांपुरता नाहीं. पुस्तकाच्या शेवटीं दिलेलें उत्तर पाहून मग आपलें खरें मानणारा विद्यार्थी सदैव दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. अवयवांच्या गणितांत उत्तर खरें कीं खोटें हें ठरविण्याचें साधन विद्यार्थ्याच्याच हातीं असतें; गरीब घरच्या, शिकवणी नसलेल्या मुलासही तें श्रीमंताच्या मुलाइतकेंच खुलें आहे. "गुरुजी, बरोबर आहे का?" असें विचारण्यापूर्वीं "मी ताळा पाहिला आहे" असें ज्यास म्हणतां येतें, त्याचा अभ्यास योग्य मार्गावर आहे.

९. अभ्यासासाठीं उदाहरणें

पुढील राशींचे अवयव पाडा. उत्तरें मुद्दाम दिलेलीं नाहींत. गुणाकार करून ताळा पाहावा.

(१) क्ष³ − ६क्ष² + ११क्ष − ६

(२) क्ष³ − ३क्ष² + ४. येथें एक पद गाळलेलें आहे हें ध्यानांत ठेवावें, आणि एकच अवयव दोनदां येऊं शकतो हेंही.

(३) क्ष³ + ३क्ष − १४. क्ष च्या किती किंमतींनीं ही राशि शून्य होते तें कारणासह सांगा.

(४) क्ष⁴ + ४. क्ष ची कोणतीही किंमत घातली तरी ही राशि शून्य होत नाहीं, कारण चौथा घात ऋण नसतो. म्हणून हिचे अवयव पडत नाहींत असें म्हणावयाचें काय? क्ष वजा एखादी संख्या, अशा रूपाचा अवयव नाहीं एवढेंच त्यावरून सिद्ध झालें. हिच्यांत ४क्ष² मिळवून तितकेच वजा करून पाहा, आणि जे दोन अवयव मिळतील त्यांपैकीं एकानें मूळ राशीस भागा. बाकी शून्य येईपर्यंत पेन्सिल खालीं ठेवूं नका.